सातभाई, येऊर

एरवी आमच्याकडे येतं ते खाण्याचं:
हळदीत मक्याचं पीठ आहे का,
सुरमई म्हणून विकलेला तुकडा नक्की कुणाचा.
महापे, दुसरा मजला. खाली पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना,
त्याची धडधड टेबलाच्या पायांतून वर येते.

अंडी मीच आणली ठाण्याहून.
कॉलेजच्या जुन्या संग्रहालयात आता परीक्षा विभाग बसणार,
म्हणून प्रधानबाईंनी कपाटं उपसायला घेतली होती.
साबुदाण्याच्या डब्यात कापूस, कापसात चार अंडी,
निळी. म्हणजे कशी, तर मोरचुदाचं पाणी वाळल्यावर
बादलीच्या काठाला उरतं तशी.
विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा उसळली,
मी डबा पोटाशी धरला,
रिक्षावाला आरशात बघून म्हणाला,
हळू घेतो, केक आहे ना?

चिठ्ठी मोडीत. बाईंनीच वाचून दिली:
सातभाई. येऊर, करवंदीची जाळी. अंडी चार.
वैशाख वद्य चतुर्थी. आणून दिली बारक्याने, एक आणा.
खाली सही, वि. गो. टिपणीस, मामलेदार कचेरी.
शकाचा आकडा कसरीने खाल्लेला.

प्रत्येक अंड्याला एकच भोक, मोहरीएवढं.
त्यातून वाकड्या नळीने टिपणिसांनी
आतलं सगळं फुंकून काढलं असणार,
परसात बसून, गाल फुगवून, सुट्टीच्या दिवशी.
राहिला तो आतला पापुद्रा, सुकलेला,
आणि त्याला चिकटलेली कुणाची तरी आई.
कारण मी ज्या धाग्यावरून ओळखते
तो आईकडूनच येतो,
बापाचं नाव त्यात लागतच नाही.

थेंबभर पाणी सोडलं, हलवलं, ओढून घेतलं.
मग मशीनमध्ये तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं,
चाळीस वेळा.
पहिलं, सातभाई.
दुसरं, सातभाई. तिसरंही.
चौथ्याचं उत्तर आलं: माणूस.

मी हातमोजे बदलले. केस पुन्हा बांधले.
माझ्याशीच ताडून पाहिलं, मी नव्हते.
मग हसू आलं, आणि मधेच थांबलं.
कचेरीतला एक कारकून,
ज्याचा फोटो प्रधानबाईंकडेही नाही,
त्याच्या आईचा धागा
थुंकीच्या एका ठिपक्यात शिल्लक होता.
असेल टिपणीस. नाहीतर नंतर धूळ पुसणारा कुणी शिपाई.
शपथेवर नाही सांगता येणार.

पुन्हा पाणी सोडलं, खोल, भोकापासून लांब.
या वेळी: पावशा.

म्हणजे ती, कोकिळेच्या नात्यातली,
सातभाईंच्या निळ्यात आपलं निळं ठेवून
पाठ फिरवलेली.
सातभाई मोजत बसत नाहीत.
टिपणिसांनी मोजली, चार लिहिली,
रंग जुळला म्हणून एका नावाखाली निजवली.
पिल्लू जन्मलंच नाही,
फसवणूक तेवढी पुरी झाली,
आणि नंतर कपाट उघडणाऱ्या प्रत्येकाची होत राहिली.

अहवालात रकाना आहे: मूळ नोंद चूक की बरोबर.
बारक्याने हात घातला ते घरटं सातभाईंचंच.
काट्यांत हात खरचटला असेल तोही त्यासाठीच.
चौघांवर एकसारखी बसली ती सातभाईच.
मी लिहिलं, घरटं बरोबर. एक अंडं पावशाचं.
जुनी चिठ्ठी काढू नये, नवी तिच्याखाली लावावी.
त्या माणसाबद्दल काय लिहावं ते सुचेना,
तो रकानाच नव्हता.

हिशेबाचे गोवारी डोकावून गेले,
बिल किती नमुन्यांचं करू, चार की पाच?
खाली खोक्यांचं यंत्र थांबलं होतं, जेवणाची सुट्टी,
टेबल पहिल्यांदाच स्थिर.
मी म्हटलं, थांबा जरा,
अजून डबा झाकलेला नाही.